अण्णांचा बाबूना

बाबूना दुःखावर चालत नाही.

हे कळायला आमच्या अण्णांना नऊ वर्षं लागली.

बाबूना म्हणजे कॅमोमाईल. आता नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या कुठल्याही कॅफेत त्याची टी-बॅग मिळते. आमच्या घरी तो वर्तमानपत्राच्या पुडीतून यायचा.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पोस्टमन होते. जुन्या नाशकातली टपाल वाटायची बीट, सायकल, खाकी कपडे. घरी आई, मी आणि धाकटा मिलिंद.

चौऱ्याहत्तर साली मिलिंद गेला. मेंदूज्वर. सोमवारी शाळेत गेला होता, गुरुवारी आम्ही त्याला पोहोचवून आलो.

तो सहा वर्षांचा होता. मी दहा.

आईची झोप तेव्हापासून उडाली ती उडालीच. भाकऱ्या थापायची, धुणं धुवायची, पण डोळे बघवत नसत. वस्तीतल्या बाया बोलायला यायच्या आणि गप्प बसून परत जायच्या.

अण्णांच्या बीटवर एका म्हाताऱ्या हकीमसाहेबांचा युनानी दवाखाना होता. एकदा पत्र देताना अण्णांनी विषय काढला. हकीमसाहेबांनी त्यांच्या हातावर मूठभर सुकी फुलं ठेवली. मध्ये पिवळी, कडेनं पांढऱ्या पाकळ्या, वास थोडा सफरचंदासारखा.

"उबालना मत. गरम पानी डालो और ढक दो. नींद आ जाएगी, पोस्टमन साहब. बाकी का मैं नहीं कह सकता."

'बाकी का' हे अण्णांनी ऐकलंच नसावं.

ड्युटीवरून आले की आधी पाणी ठेवायचे. चिमूटभर फुलं, वर उकळतं पाणी, वर ताटली. दहा मिनिटं घड्याळात बघून. मग गाळून आईच्या हातात.

आई रडून डोळे सुजवून घ्यायची. त्याच पाण्यात धोतराची घडी भिजवून, गार करून, अण्णा तिच्या मिटलेल्या डोळ्यांवर ठेवायचे.

तिळाच्या तेलात फुलं घालून बरणी उन्हात ठेवायचे. त्या तेलानं तिचं कपाळ चोळायचे, गुडघे चोळायचे.

सर्दी झाली की वाफ. रविवारी न्हाणं झालं की शेवटचा तांब्या बाबून्याच्या पाण्याचा.

बायकोचे केस धुणारा पुरुष! अख्खी वस्ती हसायची. अण्णांना फरक पडत नव्हता.

थंडीत डालड्याच्या डब्यात रोपंसुद्धा केली. फुलंही आली. एप्रिलच्या उन्हात सगळी करपली. पुढच्या थंडीत परत लावली.

मी तिथंच पाटावर अभ्यास करत बसलेली असायचे. पोट दुखतंय म्हटलं की उरलेला काढा मला मिळायचा. पोट दुखायचं खरंच थांबायचं, खोटं कशाला सांगू.

म्हणून मी बऱ्याचदा पोट दुखतंय म्हणायचे.

अशी नऊ वर्षं.

त्र्याऐंशी साली एका रविवारी दुपारी अण्णा आईच्या डोक्यावर पाणी ओतत होते. आईनं त्यांचा हात धरला.

"अहो, पुरे आता."

"अजून अर्धा तांब्या आहे."

"तसं नाही हो. काढाच पुरे. मला झोप लागते. खरंच लागते. पण सकाळी जाग आली की परत पहिल्यापासून कळतं, मिलिंद नाहीये. रोज सकाळी परत जातो तो. जागी असले की निदान एकदाच गेलेला असतो."

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. तांब्या हातात.

"मग इतकी वर्षं पीत कशाला होतीस?"

"तुम्ही करत होता म्हणून."

अण्णांनी तांब्या खाली ठेवला. टॉवेलनं तिचे केस पुसले. त्यानंतर घरात बाबूना आला नाही.

दोन वर्षांनी आई गेली.

मग अण्णांची झोप गेली. माझं तोवर लग्न झालं होतं. मी स्वतः हकीमसाहेबांकडून पुडी आणली, काढा केला. अण्णांनी कप हातात घेतला, वास घेतला आणि न पिताच परत दिला.

"राहू दे, नंदे. फुलं चांगली आहेत. मीच त्यांच्याकडून नको ते मागत होतो."

अठ्ठ्याऐंशीत, जायच्या आठवडाभर आधी, मी त्यांच्या पायाशी बसले होते. एकदम म्हणाले,

"नंदे, तेव्हा तुला झोप लागायची का गं?"

चौदा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला हे विचारत होतं.

मी म्हटलं, "लागायची की, अण्णा. गाढ."

त्यांनी डोळे मिटले. बरं वाटलं असावं त्यांना.

आज अण्णांचा स्मृतिदिन. ते खोटं मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

नव्हती लागत, अण्णा. आजही लागत नाही.

तुम्हाला तुमच्या नंदीचं वंदन. जयभीम.