रुमालातला स्ट्रायकर

आमच्या बिल्डिंगचे किस्से भरायला गोण्या कमी पडतील. नुसता काकांच्या शेकाचा सीझनच घ्या ना.

पंचाण्णवच्या आसपासची गोष्ट. बदलापूर, कात्रप. माझ्या काकांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, अगदी सुरुवातीचा. डॉक्टर म्हणाले, रेडिएशनने बरा होईल. आपल्याकडे त्याला शेक म्हणतात. शनिवार-रविवार सोडून रोज मुंबईला जायचं, मशीनखाली पडायचं, परत यायचं. संध्याकाळी काका खाली पॅसेजमध्ये कॅरमला हजर. कॅरम म्हणजे त्यांचा जीव.

*

बरा होईल म्हटलं तरी लोक रडायला यायचे. आत्याने तर काकांसमोरच काकूला विचारलं, "याचा एखादा चांगला फोटो आहे का गं?"

काका म्हणाले, "लग्नातला आहे. चालेल?"

*

जवळच कॅम्प चार नावाच्या भागात माझ्या मामाचं वर्कशॉप. कुठलाही माल सेम टू सेम बनवून द्यायचा. तो काकांवर भडकला. रोज मुंबई कशाला? मशीनचा एक फोटो आणा, इथेच बनवतो. टेप काढून काकांची उंची घेत होता!

*

आता डोकं फिरवणारा किस्सा. सोसायटीचे सेक्रेटरी सामंत रोज काकांसमोर कॅरमला बसायचे. शेक सुरू झाल्यावर ते काकांच्या हातचा स्ट्रायकर रुमालाने उचलायला लागले. रेडिएशन लागतं म्हणे! मी सांगितलं, मशीन बंद झालं की संपलं, अंगात काही राहत नाही, डॉक्टरच म्हणालेत.

"डॉक्टरांना काय जातंय बोलायला?"

दुसऱ्या दिवशी सामंतांनी काकांची खुर्ची बोर्डापासून लांब, जिन्याखाली टाकली. काका गपचूप वर आले. खाली खेळायला जाणंच बंद केलं. माझी सटकली.

*

मी चेहरा गंभीर ठेवून सामंतांना सांगितलं, बोर्डावर राहिलेलं रेडिएशन बोरिक पावडर शोषून घेते. त्यांनी अर्धा डबा ओतला! स्ट्रायकर सुटला तो थेट त्यांच्या चष्म्यावर.

"बघ," सामंत म्हणाले, "अजून पॉवर आहे त्यात."

*

काकांचा शेक संपला, रिपोर्ट चांगले आले. वर्षभराने सामंतांना तेच निघालं. तेही सुरुवातीलाच. शेक सुरू झाला त्या संध्याकाळी ते स्वतःच खुर्ची घेऊन जिन्याखाली जाऊन बसले.

हे कळल्यावर काका इतक्या महिन्यांनी खाली खेळायला उतरले. सामंतांना खुर्चीसकट बोर्डासमोर आणलं. खेळ सुरू झाला. सामंतांनी राणी घेतली, पण पाठोपाठ त्यांची सोंगटी गेली नाही, कव्हर चुकलं. त्यांनी स्ट्रायकर पुढे सरकवला.

काकांनी खिशातून रुमाल काढला.

सामंतांनी मान खाली घातली.

काकांनी सावकाश नाक शिंकरलं. रुमाल खिशात ठेवला. स्ट्रायकर हाताने उचलला.

"सामंत, राणी परत मध्ये ठेवा. कव्हर झालं नाही."