हीटरचा पहारा

अग्निशमन दलात त्यांना पाठीमागे सगळे ‘तीन फूट’ म्हणायचे. उंची चांगली सहा फूट होती, तेव्हा नावाचा अंगाशी काही संबंध नव्हता. तपासनीस म्हणून एकतीस वर्षं त्यांनी दुकानं, गोदामं, वसतिगृहं पालथी घातली आणि हीटर दिसला तिथे एकच सांगितलं: पेटू शकेल अशी कुठलीही वस्तू तीन फुटांच्या आत नको. लोक माना डोलवायचे आणि यांची पाठ वळली की हीटरवर मोजे वाळत घालायचे. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते जिन्यावरून हमखास एकदा परत यायचे.

असा माणूस स्वतःच्या घरात हीटर कशाला येऊ देतो? खोल्या गरम करायला पाइपांतून फिरणारं तळघरातल्या बॉयलरचं पाणी त्यांच्या चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत पार दमून जायचं. पाइप कोमट आणि खोली गार, अशीच वर्षं गेली. ते निवृत्त झाले तोवर बायकोच्या बोटांचे सांधे धरायला लागले होते. आधी तिचं विणकाम सुटलं, मग बरणीचं झाकण फिरेना. लेकीनं फोनवर सरळ सांगून टाकलं, थंडीचे चार महिने आईला मी माझ्याकडे नेते. तपासनिसांनी ते चार महिने कॅलेंडरवर मोजून पाहिले. दुसऱ्याच दिवशी ते स्वतः जाऊन हीटर घेऊन आले.

आणला तो अर्थातच नियमांसकट. प्लग भिंतीतल्या सॉकेटमध्येच, एक्स्टेन्शन बोर्डाचं नाव काढायचं नाही. हीटर चालू असेतो खोलीत एक जागा माणूस हवा. मग टेप काढून त्यांनी हीटरभोवती तीन फुटांवर खडूनं गोल आखला. त्यातून पायपुसणं, वर्तमानपत्रं हद्दपार केली आणि बायकोची खुर्चीही उचलून रेघेबाहेर नेऊन ठेवली. ती शाल पांघरून बसली. मधली फरशी छान तापली.

“मी पेटणाऱ्या वस्तूंत येते का?” तिनं विचारलं.

“शाल येते.”

तिनं शाल काढून त्यांच्या हातात दिली आणि लोखंडी खुर्ची आत ओढली. त्यांनी मनातल्या मनात सगळी नियमावली चाळून पाहिली. हरकत घ्यायला जागा नव्हती.

ऊब लागली की तिला डुलकी येई, त्यामुळे जागा माणूस व्हायचं यांच्याच वाट्याला आलं. रोज चार वाजल्यापासून जेवणापर्यंत ते गुडघ्यांवर हात ठेवून हीटरकडे बघत बसत. एरवी ही वेळ ते मागच्या खोलीत जुन्या फायली लावण्यात घालवत. आता त्यांना उठता येत नव्हतं, म्हणून डुलकी झाली की बायको बोलायची. तिला लिफ्टची भीती वाटते आणि लग्नाआधी ती पोहण्याच्या शर्यती जिंकायची, हे त्यांना संसाराच्या सदतिसाव्या वर्षी कळलं. साडेतीनपासूनच ते घड्याळाकडे बघू लागले. कुणी विचारलं असतं तर कानावर हात ठेवले असते.

बायकोला मात्र दिसत होता तो कामावर बसवलेला माणूस. माझ्यापायी हे रोज अडकून पडतात, असं तिनं लेकीला कळवलं. लेक नवा हीटर घेऊनच आली. तो कलंडला की बंद, जास्त तापला की बंद, वर चादर पडली तरी बंद, असं तिनं एका दमात सांगितलं.

“तुम्ही तपासा,” बायको त्यांना म्हणाली. “पास झाला तर हा ठेवू. नापास झाला तर मी हिच्याबरोबर जाते. काही झालं तरी उद्यापासून तुमची सुटका.”

त्यांनी चष्मा लावला. हीटर पाचदा आडवा पाडला, चादर टाकली, वायर बोटांनी चाचपली, माहितीपत्रक दोनदा वाचलं. तास गेला. तिसरा काही निकाल निघतो का ते पाहत होते, पण तपासणीत दोनच निकाल असतात. उगाच नापास करावा असं क्षणभर मनात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली. शिवाय नापास केला तर ती जाणार होती.

“पास,” ते म्हणाले. “याला राखण नको.”

“सुटलात एकदाचे,” बायको म्हणाली.

त्यांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला.

“मी बसणार आहे,” ते म्हणाले.

“आता कशाला?”

“तू बोलतेस. ते ऐकायला.”

बायको लेकीकडे वळली.

“बघ,” ती म्हणाली, “एवढं सांगायला यांना तासभर तपासणी करावी लागली.”