पिराजी वस्ताद आणि हल्याळचा पैलवान

पिराजी वस्तादांच्या तालमीत भेदभावाला थारा नव्हता. हौद्यातल्या तांबड्या मातीत मराठ्याचा, जैनाचा, मुसलमानाचा, महारवाड्यातला असे सगळे पोरगे एकमेकांच्या घामानं माखायचे. पाण्याची घागर एकच. एका बड्या घरच्या पोरानं स्वतःपुरता वेगळा तांब्या आणला, तेव्हा वस्तादांनी त्याला तांब्यासकट दाराबाहेर काढलं होतं. ही हकिगत ते कुणालाही सांगत, आणि सांगताना मिशीवरून हात फिरवत.

पंच्याहत्तर साली बस्त्यांव सिद्दी तालमीच्या दारात उभा राहिला. कन्नड मुलखातल्या हल्याळकडच्या रानातल्या वाडीतला हा गडी शिरोलीच्या एका फौंड्रीत नुकताच कामाला लागला होता. रंग काळाभोर, केस कुरळे. त्याच्या पूर्वजांना कैक पिढ्यांपूर्वी आफ्रिकेतून गुलाम म्हणून जहाजानं आणलेलं. तो स्वतः घरात कोकणी, बाजारात कन्नड आणि इथं मराठी बोलायचा.

पोरं टक लावून बघायला लागली तसे वस्ताद गरजले, "माणूस बघिटला न्हाय व्हय रं कदी? सरका, पावण्याला आत येऊ द्या की!"

त्या दिवशी घरी जाऊन ते बायकोला, तानाबाईंना म्हणाले, "काय ताकद दिलीया देवानं त्याला! ह्या जातीला शिकवायचं काय? रक्तातच हाय त्यांच्या."

बस्त्यांव रोज पहाटे यायचा. हौदा खणायचं काम त्याच्याकडं. मग कृष्णातला सराव द्यायचा. कृष्णात कोडोलीच्या शेतकऱ्याचा पोरगा, वस्तादांचा लाडका. त्याचा पाय वस्ताद हातानं धरून जागेवर ठेवायचे, कंबर कशी वळवायची ते स्वतः मातीत उतरून दाखवायचे. बस्त्यांवला मात्र एकच सांगणं, "रेट! रेड्यागत रेट!" आपण त्याचं कौतुकच करतोय, असं त्यांना मनापासून वाटायचं.

वर्षभरानं एका गावच्या जत्रेत वस्तादांनी त्याची कुस्ती लावली. समोर आला एक शिडशिडीत पोरगा. बस्त्यांव अंगावर गेला, तो पोरगा खाली वाकला, त्याचे पाय धरून पट काढला, आणि लोकांची शिट्टी वाजायच्या आत बस्त्यांवची पाठ मातीला लागली. लोक हसले.

वस्ताद लालबुंद झाले. "एवढी ताकद घिऊन काय चाटायची? साध्या पटाची तोड येत न्हाय तुला?"

अंगावरची माती झटकत बस्त्यांव म्हणाला, "येत नाही वस्ताद. तुम्ही शिकवलीच नाही."

"मी? मी शिकवलं न्हाय?" वस्ताद तणतणत चालू लागले. परतीच्या एसटीत ते त्याच्यापासून लांब बसले.

घरी ताटावर बसल्यावर राग बाहेर पडला. "वर्षभर माझ्या तालमीत ऱ्हायला आन् म्हणतोय, शिकवलंच न्हाय!"

तानाबाईंनी भाकरी वाढली. "मग काय काय शिकवलंसा त्याला?"

"काय काय म्हंजे?" वस्ताद सांगायला लागले आणि अडले. कृष्णातला काय शिकवलं ते पाढ्यासारखं पाठ होतं. बस्त्यांवचं आठवायला गेले की कानात स्वतःचाच आवाज यायचा, रेट. भाकरी तशीच राहिली.

तरीही मन मानेना. ताकदवान गड्याला डाव कमी लागतात, यात आपलं काय चुकलं? खात्री करायला म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी ताकद अजमावायची दगडी गुंडी मधोमध आणवली आणि दोघांना उचलायला सांगितलं. कृष्णातनं ती छातीवर घेऊन खांद्यापलीकडं टाकली. बस्त्यांवची गुंडी गुडघ्यापर्यंत आली, थरथरली आणि खाली पडली. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा पडली.

वस्ताद बघतच राहिले. वर्षभर हा गडी रोज डोळ्यासमोर होता. खांदे बेताचे, दंड बेताचे. चलाख काय होतं, तर पाय आणि कंबर. जत्रेत तो हरतानासुद्धा मांजरासारखा वळायला बघत होता. हे त्यांनी दुसऱ्या कुणाही पोरात पहिल्या आठवड्यात ओळखलं असतं. इथं त्यांनी रंग बघितला, आणि ताकद आपल्या मनानं लावून टाकली.

ते खाली बसले. सगळी पोरं ऐकत असताना म्हणाले, "बस्त्यांव, माझं चुकलं. मी तुला बघिटलंच न्हाय."

बस्त्यांव लगेच विरघळला नाही. "मी दुसरी तालीम बघायला लागलो होतो," तो म्हणाला. "मला वाटलं, मी शिकवायच्या लायकीचा नाही असं तुम्ही धरून चाललाय." मग म्हणाला, "आणि मला रेडा म्हणू नका."

"न्हाय म्हणत," वस्ताद म्हणाले आणि मातीत उतरले. "पाय दे हिकडं."

त्या सकाळी पटाची तोड शिकवताना त्यांच्या तोंडून दोनदा "रेट" निघालं. दोन्ही वेळा त्यांनी जीभ चावली. दोन्ही वेळा बस्त्यांव हसला, दुसऱ्यांदा जरा मोकळेपणानं.

बस्त्यांव काही मोठा नावाजलेला पैलवान झाला नाही. पण कंबरेच्या एका वळणावर अंगानं दुप्पट गड्याला लोळवणारा म्हणून पंचक्रोशीत ओळखला जाऊ लागला. एका गावच्या मैदानात पंचांनी कर्णा हातात घेऊन त्याला 'आफ्रिकेचा राक्षस' म्हणून पुकारलं, तेव्हा वस्ताद धोतर सावरत आखाड्यात शिरले आणि त्यांनी कर्णा हिसकावून घेतला.

"हल्याळचा बस्त्यांव सिद्दी! डावाचा गडी हाय, पायांकडं बघा त्याच्या!"

कुस्ती बरोबरीत सुटली. परत येताना दोघांनी एसटी स्टँडवर गरम भजी घेतली. हातात कागदाचा द्रोण, आणि बस्त्यांव वस्तादांना सांगत होता की समोरच्याचा डावा पाय कच्चा होता, आपण तिकडून शिरायला हवं होतं. वस्ताद त्याच्याशी कडाकडा भांडत होते, कच्चा पाय उजवा होता म्हणून. भजी केव्हा संपली ते दोघांनाही कळलं नाही.