छज्ज्याखाली न थांबणारे चाचा

पाऊस कितीही कोसळो, छतवाले चाचा छज्ज्याखाली थांबायचे नाहीत.

आमच्या पुंडलिकनगरच्या गल्लीत सर आली की भाजीवाल्यापासून कुरिअरवाल्यापर्यंत सगळे कुणाच्या ना कुणाच्या छज्ज्याखाली अंग चोरून उभे राहतात. हा माणूस मात्र रस्त्याच्या मधोमध, डोक्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोणीची खोळ करून. "अहो चाचा, या की इकडं!" मी दारातून ओरडायचे. "हितंच बरा हाय, बाई," ते म्हणायचे आणि भिजत राहायचे. पहिल्यांदा वाटलं, म्हातारा शिष्ट आहे. मग वाटलं, डोकं फिरलंय. मी शाळेत शिक्षिका आहे. माणसाबद्दल मत बनवायला मला दोन मिनिटं पुरतात आणि त्यातली निम्मी मतं मला पुढं गिळावी लागतात. हेही गिळावं लागलं.

चाचा गवंडी, छतांच्या कामातले जुने मिस्त्री. आमच्या घरी ते पहिल्यांदा आले ते गळतीसाठी. नवरा वाळूजला कंपनीत, आज फर्स्ट शिफ्ट तर उद्या सेकंड, त्यामुळं घराचं सगळं लचांड माझ्या गळ्यात. चाचांनी चपला काढल्या, आत आले आणि माझ्याकडं न बघता थेट वर बघायला लागले. मी नमस्कार केला तो छतानंच घेतला म्हणायचा. हॉलमध्ये ओलीचा मोठा डाग होता, तो मी दाखवला. त्यांनी मान हलवली. "हितं दिसतंय ते खरं, पण पाणी हितून येत नाय. तिकडं कठड्यापाशी आत शिरतंय, सळीच्या अंगानं चालत येतंय आन् हितं टपकतंय. तुम्ही हितं कितीबी रंग मारा, ते थांबायचं नाय." त्याआधी त्या डागावर मी तीनदा रंग मारून घेतला होता, हे मी त्यांना सांगितलं नाही.

मला गच्चीवर नेऊन त्यांनी शिकवणीच घेतली. वर्गात मी शिकवते, इथं मी पोरगी. गच्ची सपाट दिसली तरी सपाट नसावी, दहा फुटाला सव्वा-दीड इंच ढाळ पाहिजे. स्लॅबवर विटांचे तुकडे बसवून जो थर घालतात तो कोबा, आणि ढाळ द्यायचा तो त्या कोब्यातून. गच्ची जिथं कठड्याला भिडते तिथला कोपरा काटकोनात सोडायचा नाही, सिमेंटनं गोल करायचा. त्या गोलाईला ते 'वाटा' म्हणायचे. "कोपरा दिसला की पाणी बसतंय. गोल केलं की बसायला जागाच नाय त्याला." छज्ज्याच्या खालच्या कडेला बोटभर खाच ठेवायची, म्हणजे पाणी उलटं फिरून भिंतीकडं न जाता तिथूनच खाली पडतं. मी आपली "हो, हो" करत होते. ते थांबले. म्हणाले, "हौ हौ नका करू बाई. सांगा बरं मला परत." आणि सांगता सांगता माझी त-त-प-प झाली.

काम झालं की पाण्याची नळी आणि पन्हाळ बोळ्यांनी बंद करायची, गच्चीवर चार बोटं पाणी भरायचं आणि तीन दिवस तसंच ठेवायचं, ही त्यांची परीक्षा. त्याशिवाय ते कुठल्याच घराला पास करायचे नाहीत. त्या तीन दिवसांत ते सकाळ-संध्याकाळ यायचे, खालच्या छताला हात लावून बघायचे आणि निघून जायचे. आमच्या सासूबाई वैतागल्या. "ह्यात आता म्हैस सोडा डुंबायला," म्हणाल्या. चाचा हसले. "पाणी झूठ नाय बोलत, आजी. मिस्त्री बोलतो, मालक बोलतो, पाणी नाय बोलत." बोलताना त्यांचं हसू मधेच विरलं, ते तेव्हा मला दिसलं होतं. पण मी लक्ष दिलं नाही.

गळती थांबली. मग आम्ही वरचा मजला चढवायचं ठरवलं, आणि मिस्त्री दुसरा बघायचा प्रश्नच नव्हता.

स्लॅबच्या दिवशी मालकानं सगळ्यांना जेवू घालायचं ही आपल्याकडची रीत. मी रजा काढली. पंचवीस माणसांचा स्वयंपाक: वांग्याची भाजी, पोळ्या, वरण-भात, आणि जिलेबी बाहेरून. सकाळी नारळ फुटला, मिक्सरचा धडधडाट सुरू झाला, घमेली वर चढायला लागली. चाचा मात्र एका जागी, रस्त्याकडच्या छज्ज्याशी. हातात वाकवलेल्या सळीचा आकडा. कुणाचा पाय छज्ज्याच्या सळ्यांवर पडला की ओरडायचे, "पाय! पाय बघ! दबली ना सळी!" आणि आकड्यानं ती सळी उचलून पुन्हा वर घ्यायचे. मला त्यांनी आदल्या दिवशीच समजावलं होतं. खोलीचा स्लॅब दोन्हीकडं भिंतींवर टेकलेला असतो, म्हणून त्याच्या सळ्या खालच्या अंगाला. छज्जा नुसता भिंतीतून बाहेर लोंबतो, त्याला ओढ वरून बसते, म्हणून त्याच्या सळ्या वरच्या अंगाला. माणसं घमेली घेऊन नाचतात, सळ्या पायाखाली दबून खाली बसतात, वर काँक्रीट पडतं, आणि मग कुणाच्या बापाला कळत नाही आत काय झालंय ते.

दोन वाजता सगळ्या पंगती उठल्या, चाचा काही येईनात. मी ताट घेऊन वर गेले. "नको बाई," म्हणाले. मी आग्रह केला. "नको." तिसऱ्यांदा 'नको' आलं आणि माझं टाळकं सटकलं. पहाटे चारपासून मी चुलीपुढं होते. "का हो? आमच्या हातचं चालत नाही का तुम्हाला?" मी सगळ्यांसमोर बोलून गेले.

जीभ हासडून टाकावी असं आजही वाटतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "तसं नका बोलू बाई," ते म्हणाले. "ताट झाकून ठेवा. छज्जा भरला का खातो. अल्ला कसम, खातो."

साडेचारला छज्जा भरून झाला. चाचा जिन्याच्या पायरीवर बसले, थंडगार झालेलं सगळं जेवले आणि ताटातच हात धुऊन म्हणाले, "बसा. सांगतो."

त्यांच्या उमेदीतलं काम होतं, पैठणचं. नवरा-बायको आणि एक मुलगी, हौसेनं बांधलेलं घर. स्लॅबच्या दिवशी त्या घरच्या बाईनं हाक मारली, "मिस्त्री, गरम हाय तंवर खाऊन घ्या." चाचा खाली उतरले. पोटभर जेवले. वर आले तर छज्जा भरून झालेला, मजूर वरून थापी मारत होते. सळ्या कुठं आहेत हे विचारायला हवं होतं, काँक्रीट ओलं होतं तोवर उकरून बघायला हवं होतं. त्यांनी विचारलं नाही. जेवून आळस आला होता, आणि एवढ्यानं काय होतंय, असं वाटलं. दोन पावसाळे छज्जा उभा राहिला. तिसऱ्या पावसाळ्यात ती बाई बाजारातून नवरा यायची वाट बघत दारात, त्याच छज्ज्याखाली उभी होती.

"मयतीला गेलतो मी," चाचा म्हणाले. "लोक म्हणले, सिमेंट खराब असंल. लोकांला सिमेंट दिसलं. मला सळ्या दिसल्या बाई. छज्जा भिंतीपाशी मोडला होता तिथं, सगळ्या खाली. पार तळाला. मी कुणाला बोललो नाय. त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला आन् आलो निघून." खाली पोरं भांडी घासत होती, त्याचा आवाज येत होता. "ती हाक ऐकू येती मला. कुठंबी स्लॅब असू दे, दोन वाजले का ऐकू येती. गरम हाय तंवर खाऊन घ्या."

मी तर दुपारी तीच हाक मारून आले होते.

वरच्या मजल्याची पाण्याची परीक्षा झाली त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "बाई, मला पैठणला न्याल का? त्या माणसाला सांगायचंय. दोनदा गेलतो एसटीनं. स्टँडवरूनच परत आलो, पाय उचलंना. तुम्ही बोलायला हुशार. तुम्ही नुस्तं मला माघारी फिरू देऊ नका." मी म्हणाले, "नक्की जाऊ चाचा. रविवारी."

तो रविवार आलाच नाही. आधी पेपर तपासायचे होते. मग दिवाळी. मग निवडणुकीची ड्युटी. मग सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन. ही कारणं खरीच होती, पण खरं कारण ती नव्हती. मला भीती वाटत होती. त्या माणसानं चाचांच्या अंगावर हात टाकला तर? पोलीस-बिलीस झालं तर? उगाच जुन्या जखमेवरची खपली कशाला काढायची, असं मी नवऱ्याला म्हणायचे आणि तोही "राहू दे गं" म्हणायचा. चाचा रस्त्यात भेटायचे. आता काम सुटलं होतं, छातीत सिमेंट बसलेलं, चार पावलं चालले की धाप लागायची. कधी तगादा लावला नाही त्यांनी. फक्त विचारायचे, "बाई, रविवार कोणता?" मी हसून म्हणायचे, "पुढचा, चाचा." तेही हसायचे. असं चार वर्षं चाललं, आणि त्याची लाज मला वाटली ती ते गेल्यावर.

त्यांच्या सुनेचा फोन शाळेत आला. मी गेले, घरातल्या बायकांत बसून आले. परतताना ऊन रणरणत होतं आणि मी एका दुकानाच्या छज्ज्याखाली रिक्षाची वाट बघत थांबले. वर बघितलं आणि गपकन बाहेर उन्हात आले. चाचांनी मला शिकवलेलं सगळं माझ्यात होतं, पण त्यांनी मागितलेली एकच गोष्ट मी केली नव्हती. त्याच रविवारी मी पैठणची एसटी धरली.

आळी चाचांनी सांगून ठेवली होती, घर सापडायला वेळ लागला नाही. अख्ख्या आळीत एकाच घराला छज्जा नव्हता. एकाही खिडकीवर नव्हता. भिंतींवर पावसाचे काळे ओघळ उतरले होते. त्या बाईचे यजमान, आता म्हातारे झालेले काका, एकटेच होते. त्यांनी खुर्ची दिली, तांब्या-भांडं ठेवलं. मी पाठ केलेली कविता म्हणावी तसं सगळं एका दमात सांगून टाकलं. मिस्त्री, जेवण, सळ्या. मग मान खाली घातली आणि शिव्यांची वाट बघत बसले.

"मयतीला आले होते ते," काका हळूच म्हणाले. "माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, त्यांना कळलंय."

"काय कळलंय?"

"टेकू मी काढले होते बाई. मिस्त्रींनी बजावलं होतं, एकवीस दिवस छज्ज्याखालचं लाकूड हलवायचं नाय. पोरीला बघायला पाहुणे येणार होते. दारात बांबू कसे दिसतील, म्हणून मी बाराव्या दिवशी काढले. ह्या हातानं. बायको नको म्हणत होती. मीच मारलं तिला, असं धरून जगलो मी."

मी खुर्चीतून उठलेच. "नाही हो काका! त्यानं पडायचा असता तर त्याच दिवशी पडला असता. दोन पावसाळे उभा होता तो. सळ्या खाली दबल्या होत्या म्हणून पडला. चाचांनी डोळ्यांनी बघितलं होतं." त्यांनी मला ते तीनदा सांगायला लावलं. सळ्या वर म्हणजे कुठं, खाली म्हणजे कुठं. माझ्या वर्गातलं एखादं हळवं पोर पुन्हा पुन्हा खात्री करून घेतं, तसं विचारत होते. "म्हणजे मी नाय?" "नाही काका. तुम्ही नाही." त्यांनी पंचानं तोंड झाकलं आणि खांदे हलायला लागले. मीही रडले, आणि खरं सांगते, मला हलकं वाटलं. चाचांचं काम झालं, असं वाटलं.

काकांनी डोळे पुसले. "मिस्त्रींनी तुम्हाला हे कधी सांगितलं?"

खोटं बोलता आलं असतं. "चार वर्षं झाली," मी म्हणाले.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. भिंतीवर बायकोच्या फोटोशेजारी आणखी एक फोटो होता, चाळिशीतल्या बाईचा, हार अजून नवा. त्याच्याकडं बघत ते म्हणाले, "पाहुणे हिलाच बघायला येणार होते. माझ्यापायी आई गेली, म्हणायची. लग्नच केलं नाय तिनं. मागच्या वर्षी गेली."

परतीची गाडी पाचला होती. ती निघून गेली तरी मी तिथंच बसून होते, आणि काकाही मला जा म्हणाले नाहीत.