दहा मिनिटांचा गेटपास
शिक्क्याच्या पॅडवरच्या शाईचा वास आला की अजून माझी नजर घड्याळाकडे जाते. सुप्याच्या कारखान्यात मी तेव्हा कंत्राटावर नवीन होतो. पासशिवाय गेट ओलांडलं की नोकरी गेलीच. मोबाईल आत नेता येत नसे, म्हणून शेजाऱ्याचा निरोप गेटवरच्या फोनवर आला: लेकीला साप चावलाय, नगरला नेतोय. पासवर तीन सह्या आणि शिक्का लागत. सुपरवायझरने वेळ टाकून सही केली, पण दुसरे साहेब जेवायला गेलेले आणि तिसरे मीटिंगमध्ये. घामेजल्या हातात पास धरून मी या शेडमधून त्या शेडमध्ये पळत राहिलो. तिन्ही सह्या झाल्या, शिक्क्याची शाई बोटांना लागली. गेटवर पोचलो तर वॉचमनकाकांनी घड्याळ पाहिलं. "पास दहाच मिन्टं चालतो. येळ टळली, नवा आन." "काका, पोरगी हाय वो माझी!" "कळतंय रं बाबा, पन वर कॅमेरा हाय." समोरून नगरच्या गाड्या जात होत्या, आणि मी पुन्हा आत पळालो. लेक वाचली, पण त्या वेळी तिच्याजवळ मी नव्हतो, शेजारी होता. आता सुपरवायझर मीच आहे. पासवर सही करतो, वेळेची जागा मात्र कोरी सोडतो. गेटवर म्हातारे झालेले तेच काका कॅमेऱ्याकडे पाठ करतात आणि वेळ भरायला कामगारापुढे आपलं पेन धरतात.