हाफक्लच मास्तरांची लाल गाडी

ज्या माणसाने बावीस वर्षांत चारेक हजार लोकांना गाडी शिकवली, त्याला स्वतःला गाडी चालवता येत नाही असं कुणी म्हटलं असतं, तर अर्ध्या शहराने म्हणणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. आणि शहराचंही बरोबरच होतं म्हणा. मास्तरांच्या हाताखालून गेलेला माणूस आरसा बघितल्याशिवाय शिंकतसुद्धा नसे.

पण एक गोष्ट कुणी कधी नीट पाहिलीच नव्हती. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरांची जागा शेजारच्या सीटवर. त्यांच्या पायाशी दोन जादा पेडलं बसवलेली, एक ब्रेकचं, एक क्लचचं. ऍक्सिलरेटर नाही. मास्तरने गाडी थांबवायची असते, पळवायला शिकाऊ उमेदवार बसलेलाच असतो, असा त्यामागचा विचार. म्हणजे बावीस वर्षं या गृहस्थाचा उजवा पाय ब्रेकवर आणि डावा क्लचवर. घरापासून स्कूल चालत बारा मिनिटांवर. संध्याकाळी गाडीची किल्ली मालकाच्या खिशात जाई आणि मास्तर पायी घरी येत. उंटावरून शेळ्या हाकणं ही म्हण आपण टवाळी म्हणून वापरतो. मास्तरांचं त्यावर घर चाललं होतं.

त्यांना सगळे हाफक्लच मास्तर म्हणत. कारण दिवसातून हजार वेळा तोंडात तेच. "हाफक्लच! हाफक्लच धर! अगं ताई, तो पाय आहे का ओंडका? अर्धा सोड म्हटलं मी, अख्खा कुणी सांगितला?" आणि दुसरा शब्द, "थांब." बस. एवढ्या दोन शब्दांच्या भांडवलावर माणसाने बावीस वर्षं काढली.

त्यांना आपली गाडी घ्यायचं खूळ लागलं ते एका दातांच्या डॉक्टरमुळे. या डॉक्टरला चढावर गाडी उचलायला शिकवताना मास्तरांचे अकरा दिवस गेले होते. अकरा दिवस तो मागे मागेच घसरत होता. एका सकाळी मास्तर एका नव्या बाईंना विसाच्या वेगाने शिकवत असताना हाच डॉक्टर बुटक्या, चपट्या, मागे पंख लावलेल्या गाडीतून सुसाट बाजूने गेला. जाताना हॉर्न दिला. हात केला. शिवाय काच खाली करून ओरडला, "मास्तर, हाफक्लच!"

मास्तर रात्री जेवलेसुद्धा नाहीत.

योगायोगाने त्याच आठवड्यात बायकोला बढती मिळाली. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. घाटापलीकडे इस्पितळाची नवी इमारत झाली होती, तिथल्या लॅबची मुख्य म्हणून तिची नेमणूक झाली. अंतर अडतीस किलोमीटर. पहिला नमुना टेबलावर यायच्या आत यंत्रं तपासून तयार हवीत, म्हणून हजेरी साडेसातला. पहिली बस पोचायची सव्वाआठला. आणि अट अशी, की पहिल्या महिन्यात तीनदा उशीर झाला तर खुर्ची दुसऱ्याला आणि हिने परत जुन्या टेबलावर येऊन बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. एकोणीस वर्षं तिने त्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. तिला आता पुन्हा चिकटवायच्या नव्हत्या.

"आपण गाडी घेऊ," मास्तर म्हणाले. "तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी?" बायकोने चष्म्यावरून पाहिलं. "मग मीच चालवीन की. लायसन आहे माझं."

मास्तर असे हसले, की चहा नाकात गेला. बायकोचा बाप बेकरीवाला. लग्नाआधी पाच वर्षं ती त्याची ब्रेडची व्हॅन घेऊन पहाटे घाट चढायची आणि पलीकडच्या दुकानांना माल टाकून उन्हं यायच्या आत परत यायची. पण ते मास्तरांच्या खिजगणतीत नव्हतं. "त्याला चालवणं नाही म्हणत, हाकणं म्हणतात. तुझा एक हात खिडकीबाहेर असायचा. लग्नाआधी बघितलंय मी."

"तेव्हा तर खूप आवडला होता तो हात."

"तेव्हा मी मास्तर नव्हतो," मास्तर म्हणाले, आणि विषय संपला.

शोरूममधल्या पोराने, म्हणजे चांगला टाय लावलेल्या सेल्समनने, त्यांना मोठ्या उंच गाड्या दाखवल्या, डिकी दाखवली, आजी-आजोबा बसतील अशी मागची सीट दाखवली. मास्तरांचं लक्ष कोपऱ्यात. तिथे ती उभी होती. लालभडक, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, मागच्या सीटवर फक्त वैऱ्यालाच बसवावं अशी.

"झिरो ते शंभर आठ सेकंदांत, सर!"

"आणि शंभर ते झिरो?"

सेल्समन गोंधळला. आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. "सर, ते... थांबते ती. नक्की थांबते."

टेस्ट ड्राइव्हला मास्तर निघाले. सवयीने शेजारचा दरवाजा उघडला, बसले, बेल्ट लावला आणि म्हणाले, "हं. सीट पुढे घे. आरसे बघ. पहिला टाक." सेल्समनने निमूट पहिला टाकला. मोठा माणूस दिसतोय, ड्रायव्हर ठेवणारा असेल, असं त्याला वाटलं असावं. पुढची पंचवीस मिनिटं मास्तरांनी त्याच्या नऊ चुका काढल्या, दोनदा "थांब" म्हणून ओरडले, आणि परत आल्यावर उतरून गाडीच्या पाठीवर थाप मारली. "छान चालते. घेतली."

आपण ती चालवलीच नाही, हे मास्तरांच्या ध्यानात आलं नाही. बरोबर आलेल्या बायकोच्या आलं. पण ती म्हणते, बाजारात नवऱ्याचा पाणउतारा करू नये, घर आहे ना त्यासाठी.

गाडी दारात आली. शेजारीपाजारी बघून गेले. मास्तरांनी 'स्पोर्ट' लिहिलेल्या बटणावर पहिल्याच दिवशी चिकटपट्टी लावली, चुकून दाबलं जाऊ नये म्हणून. वाघ आणायचा आणि त्याला दूधभात घालायचा, तशातली गत.

पहिल्या सोमवारी पहाटे सहाला दोघं निघाली. मास्तरांनी आरसे लावले, सीट लावली, पुन्हा आरसे लावले. मग उजवा पाय सवयीने ब्रेकवर गेला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. मनाने सांगितलं, ऍक्सिलरेटर दे. पायाने सांगितलं, छे! कसाबसा ऍक्सिलरेटरला टेकवला तर गाडी अशी उसळली, की मास्तरांच्याच तोंडून निघालं, "थांब!" आणि स्वतःच्या हुकमाची तामिली करत त्यांनी दोन्ही पाय दाबले. त्यानंतर त्यांनी आपला जुना मार्ग धरला. पहिला गियर, दुसरा गियर, हाफक्लच. आठ सेकंदांत शंभर गाठणारी ती गाडी ताशी पंचविसाने घाट चढू लागली. सिमेंट कालवत जाणारा ट्रक पुढे गेला. एक सायकलवाला बराच वेळ बरोबरीने होता. त्याने गाडीची किंमतही विचारून घेतली.

पोचायला आठ वाजून पाच मिनिटं झाली. हजेरीपटावर पहिली लाल खूण.

"नवी गाडी आहे," मास्तर म्हणाले. "इंजिन मोकळं व्हायला वेळ लागतो."

मंगळवारी पाच वाजून चाळीसला निघाले. घाटात पुढे बैलासारखा हळू चाललेला एक टँकर लागला. त्याच्या मागून गेले. टँकर पंक्चर होऊन थांबला, तर मास्तर त्याच्यामागे इंडिकेटर लावून पाच मिनिटं उभे. समोरचा रस्ता रिकामा होता. मास्तरांना तो पुरेसा रिकामा वाटेना. सात बेचाळीस. दुसरी लाल खूण.

संध्याकाळी बायकोचा भाऊ आला. त्याचं गॅरेज. त्याने गाडीचा नुसता वास घेतला आणि कपाळाला हात लावला. "भाऊजी, क्लच भाजून खाताय की काय? दोन दिवसांत? अहो, माझ्याकडे दहा वर्षांच्या टॅक्सीचा क्लच याहून ताजा असतो."

"कंपनीचा दोष असेल."

"हो ना! नाचता येईना अंगण वाकडं. कंपनीने ऍक्सिलरेटरपण दिलाय, तो कशासाठी? पायपुसणं ठेवायला?"

"तू गाडीचं बघ," मास्तर म्हणाले. "चालवायचं मला नको शिकवूस. चार हजार माणसं..."

"चार हजारच ना? मग एक राहिला."

बायको स्वयंपाकघरात होती. ती हसली नाही. हे मास्तरांना जास्त लागलं. झोपायच्या आधी ती म्हणाली, "उद्याची एक उरलीय."

बुधवारी साडेपाचला निघाले. घाटाच्या निम्म्यावर, वळणाच्या अलीकडे, गाडीत रबर जळल्याचा वास भरला. इंजिन ओरडत होतं आणि गाडी जागची हलत नव्हती. मास्तरांनी कडेला घेतली. घड्याळात सहा पंचावन्न. अंतर अजून चौदा किलोमीटर. मास्तर स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून बसले होते, जणू ते सोडलं तर आपण कुठेतरी वाहून जाऊ.

"माझा पाय जात नाही," ते म्हणाले. काचेकडे बघूनच म्हणाले. "मी सांगतो त्याला. तो जातच नाही ब्रेकवरून."

असं वाक्य या माणसाकडून चोवीस वर्षांच्या संसारात तिने ऐकलं नव्हतं. टोमणा अगदी जिभेवर आला होता तिच्या. तो तिने गिळला, वेळ नव्हता.

"उतरा."

"काय?"

"उतरा आणि इकडे या. तुमच्या जागेवर."

तिने घाई केली नाही. बॉनेट उघडलं, दहा मिनिटं नुसती उभी राहिली. क्लच तापला की त्याला छेडायचं नसतं, हे तिला व्हॅनने शिकवलं होतं. मग बसली, सीट ओढली आणि गाडी चढावर अशी अलगद उचलली, की मास्तरांच्या घशातलं "हाफक्लच" घशातच राहिलं. सांगायला जागाच नव्हती. क्लच अर्धा, मग पूर्ण सोडलेला, आणि पाय त्यावरून बाजूला. पुस्तकात लिहावं तसं.

आणि शेजारच्या सीटवर टेकल्याबरोबर मास्तर पुन्हा मास्तर झाले. डोळे लागले रस्त्यावर. "डावीकडे खडी आहे... हं. वळणापलीकडे हेडलाइट दिसतोय, ट्रक आहे, हॉर्न दे. असं. आता मोकळं." घाट उतरला आणि समोर सरळ रस्ता लागला, सहा किलोमीटर, दोरीसारखा. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"दे," मास्तर म्हणाले.

तिने दिला.

"दे! दे की! काय कुणाच्या मिरवणुकीत चाललीयस का? दे!"

लाल गाडी अखेर आपल्या बापजाद्यांच्या आवाजात गरजली. मास्तर सीटला चिकटले, दोन्ही हात मांडीवर, तोंड उघडं, आणि डोळ्यांत पाणी. ते म्हणतात वाऱ्याचं. काचा बंद होत्या.

सात एकोणतीसला बायको लॅबच्या पायऱ्या चढत होती. बॅग खांद्यावर, चप्पल हातात घ्यायचीच काय ती बाकी. दारातून वळून तिने अंगठा वर केला आणि आत गेली. 

तेवढ्यात वॉचमन आला. "काका, ही डॉक्टरसाहेबांची जागा. गाडी तिकडे लावा."

मास्तर वळसा घालून ड्रायव्हरच्या सीटवर बसले. रिव्हर्स टाकला. ब्रेक आणि हाफक्लच, इथे दुसरं काही लागतच नाही. दोन गाड्यांमधल्या अरुंद जागेत, एका झटक्यात, रेघेला रेघ. वॉचमन बघतच राहिला.

"वा! मॅडमचे ड्रायव्हर का तुम्ही?"

बावीस वर्षांत मास्तरांना ड्रायव्हर कुणी म्हटलं नव्हतं. त्यांना ते गोड लागलं. क्षणभर हो म्हणावंसंही वाटलं. पण खोटं किती बोलणार?

"नाही," ते म्हणाले आणि किल्ली वॉचमनच्या हातात दिली. "ड्रायव्हर त्याच. मी नुसता मालक. ही त्यांना द्या, दुपारी त्या गाडी घेऊन घरी येतील."

मग खिशातला रुमाल काढून मास्तरांनी बॉनेटवरची धूळ पुसली. नऊला स्कूलमध्ये पहिली बाई येणार होती. आपण स्वतः गाडी नेली तर दहा वाजतील, हे त्यांनी मनाशी प्रामाणिकपणे मान्य केलं.

"शहराकडे जाणारी बस," त्यांनी विचारलं, "कुठून मिळते हो?"