तीन स्क्रू उरले

इलाही मिस्त्री मूळचा नेसरीचा. तीस वर्षं राजारामपुरीत लोकांचे पलंग खोलतोय, जोडतोय. त्याची एकच रीत. पलंग खोलला की स्क्रू जिथला तिथं, त्याच्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवायचा. सगळे स्क्रू एका पिशवीत कोंबणाऱ्याला तो माणसात धरत नाही.

धैर्यशील सर त्यातलेच. गणिताचा क्लास चालवणारे. घर बदललं, पलंग आपल्या हातानं जोडला, आणि मांडी टेकताच तो डुलायला लागला. खुब्याचं ऑपरेशन झालेली त्यांची आई, बयाबाई, दुपारी दवाखान्यातनं यायची होती. तिला त्याच पलंगावर निजवायचं होतं. म्हणून इलाहीला बोलावणं.

"तीन स्क्रू उरल्यात मिस्त्री," सर पिशवी हलवत म्हणाले. "कंपनीनं जादा दिल्यात वाटतं."

"व्हय की! कंपनी तुमची मामी लागती. पोळीवर तूप वाढल्यागत स्क्रू वाढती."

इलाहीनं गादी ओढून बाजूला टाकली, वाकून बघितलं. जाड खुरात आखूड स्क्रू, म्हणून खूर लटलटतोय. पातळ फळीत लांब स्क्रू, त्याचं टोक पलीकडं बाभळीच्या काट्यागत बाहेर.

"घोड्याची नाल कोंबडीला ठोकलीसा की वो सर!"

"पण बसले की भोकात."

"म्हस बी डबक्यात बसती. म्हणून ती न्हाली म्हणायची व्हय?"

त्यानं सगळे स्क्रू उपसले. एकेका भोकात आगकाडी घालायची, खोली नखानं धरायची, काडीला स्क्रू लावून बघायचा. सैल भोकांत काड्या ठोकल्या. खुरांना आठ लांब हवेत, फळ्यांना आठ आखूड. उरलेले तिन्ही लागले, तरी शेवटी उशाकडच्या खुरात एक भोक मोकळं राहिलं.

"सोळातला एक गेला तर काय हुतंय?" सर म्हणाले.

"तुमच्या क्लासात हुईत नसंल. हितं म्हातारी आपटती."

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. वॉकर धरून बयाबाई कण्हत आत आली. सरांनी लगबगीनं गादी उचलली. इलाहीनं गादीवर पाय दिला.

"आक्का, जरा खुर्चीत टेका."

आपल्या गाडीच्या डिकीत एखादा स्क्रू बघावा म्हणून तो बाहेर निघाला आणि उंबऱ्यातच थांबला. दारावर सरांची नवीकोरी पाटी. एका बाजूला बारीक खिळा, दुसऱ्या बाजूला पलंगाचा लांब स्क्रू.

"अवो, पाटी पडंल!" सर ओरडले.

"पडू दे की. तिचं काय मोडतंय?"

इलाहीनं स्क्रू काढला. पाटी एका कोपऱ्यावर उलटी लोंबली. स्क्रू खुरात गच्च बसवून तो स्वतः पलंगावर दणकन बसला. हूं की चूं नाही.

"निजा आक्का."

बयाबाई आडवी झाली, पाय सावरला, आणि लेकाकडं बघत म्हणाली, "ह्यानं आनि काय काय जोडलंय रं घरात?"

"कपाट," सर पुटपुटले.

इलाहीनं खांद्याला लावलेली हत्यारांची पिशवी पुन्हा खाली ठेवली.